पत्र्याचा ग्रेड बदलल्यापासून ब्रॅकेटची घडी फुटते आणि पाय उघडतात

रबाळेकर

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचे छोटे प्रेसशॉप आहे. एक १०० टनी आणि दोन ६३ टनी मेकॅनिकल प्रेस, १२५० मिमीचे शिअरिंग मशीन आणि मागच्या बाजूला टूलरूम. गेली सहा वर्षे आम्ही एका मालवाहू वाहनासाठी यू आकाराचा ब्रॅकेट बनवतो. आतली रुंदी ६० मिमी, पायांची बाहेरून उंची ४५ मिमी, घडीची लांबी १२० मिमी आणि घडीची आतली त्रिज्या २ मिमी. हा नग आजवर ३ मिमी जाडीच्या आयएस २०६२ ई२५० पत्र्यातून निघत असे आणि त्याने आम्हाला कधी त्रास दिला नाही.

दोन महिन्यांपूर्वी ग्राहकाने वजन कमी करण्यासाठी ड्रॉइंग बदलले. आता जाडी २.५ मिमी आणि ग्रेड एस४२०एमसी, म्हणजे जास्त ताकदीचे पोलाद, आहे. तेव्हापासून दोन अडचणी आल्या आहेत. पहिली अशी की पाय ९० अंशांत बसत नाहीत. उजवा पाय साधारण साडेतीन अंश उघडा राहतो, डावा दोन अंश. टॉलरन्स एकच अंश आहे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. दहा नगांत एखाद्या नगाला घडीच्या टोकाशी, बाहेरच्या बाजूने तडा जातो. तो कडेपासून सुरू होतो आणि चार-सहा मिमी आत येतो.

डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) जुनीच वापरतो आहोत. पत्रा पातळ झाला म्हणून डायच्या एका इन्सर्टमागे ०.५ मिमीची शिम, म्हणजे पातळ पट्टी, घातली आहे. पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून घेतला, टेस्ट सर्टिफिकेटवर यील्ड (पत्रा कायमचा वाकू लागतो तो ताण) ४६० आणि टेन्साइल (तुटेपर्यंत सोसतो तो ताण) ५४० मेगापास्कल आहे, म्हणजे ग्रेडच्या मर्यादेत आहे. पुरवठादार सर्टिफिकेटकडे बोट दाखवतो, ग्राहक आमच्या प्रक्रियेकडे. मधल्या मध्ये बाद नगांची थप्पी वाढते आहे. हा माल दोषी मानून परत करावा का, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्यांनी असा पत्रा वाकवला आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

पवणे_प्रेस

आमच्याकडेही ग्रेड बदलल्यावर असेच झाले होते. सर्टिफिकेटवर विसंबू नका. त्याच शीटचा तुकडा एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये देऊन टेन्साइल करून घ्या आणि आकडा वेगळा आला तर माल सरळ परत करा.

तळोजा_फॅब्रिकेटर

आम्ही जाड आणि कडक पत्रा वाकवताना घडीची रेघ गॅसच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवतो. तडा जात नाही आणि पायही उघडत नाहीत. तुमचे नग लहान आहेत, एक माणूस दिवसभरात बरेच तापवू शकेल.

लोहदर्पण

तळोजा_फॅब्रिकेटर, तुमचा अनुभव साध्या स्टीलच्या बाबतीत खरा असेल, परंतु या ग्रेडला कृपया ज्योत लावू नका. एस४२०एमसीमध्ये कार्बन जास्तीत जास्त ०.१२ टक्के असतो. त्याची ताकद कार्बनमधून आलेली नसून नायोबियम, व्हॅनेडियम, टायटेनियम यांच्या अत्यल्प प्रमाणामुळे आणि ठरावीक तापमानात रोलिंग करून मिळवलेल्या बारीक कणरचनेमुळे आलेली असते. घडी लाल केली की ती रचना तिथे भरड होते आणि ब्रॅकेटच्या सर्वांत जास्त ताण येणाऱ्या जागीच ताकद कमी होते. नग तपासणीत पास होईल आणि गाडीवर जाऊन तुटेल.

रबाळेकर, माल परत करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. या ग्रेडच्या मानकात, म्हणजे ईएन १०१४९-२ मध्ये, १८० अंशांची बेंड टेस्ट जाडीच्या निम्म्या व्यासाच्या मँड्रेलवर (ज्याभोवती पत्रा वाकवतात त्या दांड्यावर) घ्यायची आहे. तुमच्या २.५ मिमी पत्र्यासाठी तो व्यास १.२५ मिमी होतो. तुम्ही २ मिमी त्रिज्येवर केवळ ९० अंश वाकवत आहात, म्हणजे पत्र्यावर त्याच्या क्षमतेहून पुष्कळ कमी भार टाकत आहात. पत्रा चांगला असेल तर तो फुटता कामा नये. तरीही फुटतो आणि नेमका कडेपासून फुटतो, तेव्हा प्रश्न पत्र्याच्या पोटाचा नसून कडेचा असावा असे मला वाटते.

बेंड टेस्टचा नमुना तयार करताना कापण्यामुळे बिघडलेला कडेचा भाग काढून टाकलेला असतो आणि कडा गोलसर करता येतात. तुमचा ब्लँक, म्हणजे वाकवण्याआधी कापलेला सपाट तुकडा, मात्र प्रेसमधून जसा निघतो तसाच वाकतो. त्याच्या कडेचा धातू कातरताना आधीच ताणून कडक झालेला असतो आणि वर बर (कापताना राहिलेला धारदार कंगोरा) उभा असतो. तडा गेलेल्या नगांवर बर घडीच्या आत आहे की बाहेर, एवढे कृपया पाहून सांगा.

जुना_डायमेकर

मी वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षे डाय बनवल्या, आता निवृत्त आहे. लोहदर्पण साहेब तड्याबद्दल बोलले आहेत, मी उघडणाऱ्या पायांबद्दल सांगतो.

रबाळेकर, उजवा पाय साडेतीन आणि डावा दोन हा फरकच सगळे सांगून जातो. एकाच पत्र्याच्या, एकाच नगाच्या दोन पायांत स्प्रिंग बॅक (दाब सुटल्यावर घडीचे परत उघडणे) वेगळा असण्याचे कारण नाही. जुन्या ३ मिमी पत्र्यासाठी ६० मिमीच्या पंचाला (वरून दाबणाऱ्या भागाला) डायचे तोंड साधारण ६६.१ ठेवलेले असणार, म्हणजे प्रत्येक बाजूला ३.०५ ची फट. तुम्ही अर्धा मिमीची शिम एकाच बाजूला घातलीत. त्या बाजूची फट २.५५ झाली, दुसरी तशीच राहिली. जिथे पत्र्याला अर्धा मिमी मोकळीक आहे तिथे पाय पंचाला टेकतच नाही, तिरका उभा राहतो. डायच्या सरळ भिंतीची खोली किती आहे ते सांगा. ती २० मिमी असेल तर अर्धा मिमीत पाय साधारण दीड अंश कलतो, आणि तुमच्या दोन पायांतला फरक तेवढाच आहे.

प्रेस बंद करा, मेन स्विच काढा, ब्लॉक लावून रॅम अडवा आणि मग फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) दोन्ही बाजू मोजा. दुसऱ्या इन्सर्टमागेही तेवढीच शिम द्या. त्यानंतर जो कोन उघडा राहील तो खरा स्प्रिंग बॅक, आणि त्याचा विचार तेव्हा करू. आधीच पंच घासायला घेऊ नका. घासलेले परत येत नाही.

मृणाल_घणसोली

मी वाहनांचे सुटे भाग घेणाऱ्या एका कंपनीत पुरवठादार गुणवत्ता पाहते. रबाळेकर, जाडी आणि ग्रेड दोन्ही बदलले तेव्हा पीपीएपी (नियमित पुरवठ्याआधी नगासाठी ग्राहकाची मंजुरी घेण्याची कागदपत्रे) नव्याने सादर केले होते का? ड्रॉइंग बदलणे हे नव्या सादरीकरणाचे सरळ कारण असते. ते झाले असते तर पहिल्याच लॉटच्या मोजमापांत हा कोन दिसला असता आणि डायच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा ही चर्चा नियमित पुरवठा सुरू होण्याआधीच झाली असती. ग्राहकाच्या बाजूने काम करत असूनही मी हे स्पष्ट सांगते की जुन्या जाडीसाठी बनवलेली डाय नव्या जाडीत तशीच चालेल, असे गृहीत धरणे ग्राहकाचीही चूक आहे.

रबाळेकर

डायमेकर काका, भिंतीची खोली बरोबर २० मिमी आहे. आज दुपारी फीलर लावला. डाव्या बाजूला २.५५, उजव्या बाजूला ३.०५. तुम्ही डाय न पाहता सांगितलेले दोन्ही आकडे तंतोतंत जुळले. दुसरी शिम उद्या बसवतो.

लोहदर्पण साहेब, बाद झालेले ३१ नग काढून पाहिले. त्यांतल्या २८ नगांचा बर घडीच्या बाहेर आहे. ब्लँक डायमधून पेटीत पडतात आणि ऑपरेटर हाताला येईल तसा उचलून लावतो, कारण ब्लँक दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मात्र त्या हिशेबाने निम्मे ब्लँक बर बाहेर ठेवूनच लागत असणार. मग निम्मे नग का फुटत नाहीत, दहात एकच का फुटतो, हे मला समजत नाही. मृणालताई, पीपीएपी झालेले नाही. ग्राहकाने ईमेलवर नवे ड्रॉइंग पाठवले आणि आम्ही काम सुरू केले.

कोपरखैरणे_सीएनसी

निम्म्यातले काहीच फुटतात, म्हणजे दुसरे एखादे कारण त्याला जोडून येत असणार. पत्र्याच्या रोलिंगची दिशा पाहिली का? घडीची रेघ रोलिंगला समांतर आली की पत्रा लवकर फुटतो, आडवी आली की टिकतो. आमच्याकडे लेसरवर नेस्टिंग करताना पत्रा वाचवण्यासाठी भाग फिरवले जातात आणि फिरवलेल्या भागांच्याच तक्रारी येतात. माझ्या मते खरे कारण तेच आहे, बर हे दुय्यम आहे.

लोहदर्पण

दिशेचा परिणाम होतो हे मला मान्य आहे. गरम रोलिंगमध्ये पोलादातले मँगनीज सल्फाइडचे कण शेवयांसारखे लांब होतात आणि घडी त्यांना समांतर आली की बाहेरची कातडी त्या रेघांवर उकलते. परंतु या ग्रेडमध्ये सल्फर जास्तीत जास्त ०.०१५ टक्के असतो, त्यामुळे हा दोष जुन्या ई२५०पेक्षा कमीच असायला हवा. शिवाय मानकातली बेंड टेस्ट आडव्या नमुन्यावर घेतात, म्हणजे घडी रोलिंगला समांतर येते. पत्रा त्या कठीण दिशेतच तपासलेला असतो. म्हणून एकटी दिशा तडा पाडणार नाही आणि बहुधा एकटा बरही पाडणार नाही. दोन्ही एकत्र आले की पाडतील.

कोपरखैरणे_सीएनसी

टेस्ट कठीण दिशेत होते हे मला माहीत नव्हते. तर मग मी माझे म्हणणे तेवढे बदलतो. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून चाचणी घेतल्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

ऐरोली_विद्यार्थी

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक प्रश्न विचारतो, धाग्याशी संबंधित आहे. नवा पत्रा पातळ आहे, मग त्याचा स्प्रिंग बॅक कमी व्हायला नको का? पातळ वस्तू वाकवायला सोपी असते.

जुना_डायमेकर

प्रश्न चांगला विचारलास, बाळा. वाकवताना पत्रा आधी लवचीकपणे वाकतो आणि यील्ड ओलांडल्यावर कायमचा वाकतो. दाब काढला की लवचीक भाग परत येतो. ई२५० असो की एस४२०एमसी, स्टीलचा लवचीकता गुणांक दोन्हींचा सारखाच, साधारण २०५ गिगापास्कल. बदलते ते यील्ड. यील्ड जितके वर, तितका परत येणारा भाग मोठा. त्यात त्रिज्या तीच ठेवून जाडी कमी केली की त्रिज्या आणि जाडीचे गुणोत्तर वाढते, त्यानेही स्प्रिंग बॅक वाढतो. इथे दोन्ही गोष्टी एकाच दिशेने गेल्या आहेत.

जोराच्या बाबतीतही पातळ म्हणजे सोपा असे समजू नये. या ब्लँकचा परिघ साधारण ५३२ मिमी. कातरण्याची ताकद टेन्साइलच्या ८० टक्के धरली, तर ३ मिमीच्या जुन्या पत्र्याला टेन्साइल ४३० मानून ५६ टन लागत होते. आता २.५ मिमीला टेन्साइल ५४० धरून ५९ टन लागतात. पत्रा अर्ध्या मिमीने पातळ झाला आणि टनेज तीनने वाढले. रबाळेकर, ब्लँकिंग १०० टनीवरच ठेवा. ६३ टनीवर नेण्याचा मोह कोणी दाखवला तर ऐकू नका.

मृणाल_घणसोली

काकांच्या मुद्द्याला एक जोड देते. लवचीकता गुणांक सारखाच असल्यामुळे ग्रेड वाढवून ताकद वाढते, ताठपणा वाढत नाही. सपाट भागाचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे ३ वरून २.५ वर आल्यावर तो ५८ टक्क्यांवर येतो. वजन १७ टक्के वाचते, पण ब्रॅकेट जास्त हलतो. ही जबाबदारी ड्रॉइंग बदलणाऱ्याची आहे, तरी घडीत तडा असलेला एकही नग गाडीवर जाऊ नये यासाठी आपण सर्वांनी एवढी काळजी का घ्यायची, त्याचे कारण या कंपनातच आहे. केसाएवढा तडाही कंपनाने वाढत जातो.

पवणे_प्रेस

बर बाहेर न येण्यासाठी सोपा उपाय म्हणजे ऑपरेटरला प्रत्येक ब्लँकच्या कडेवरून बोट फिरवायला सांगायचे आणि उलटा असेल तर सुलटा करून लावायचा. आठवड्यात सवय होते.

वर्तकनगर_निशा

पवणे_प्रेस दादा, कृपया हा उपाय सुचवू नका. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. तुकडा उलटा पडला म्हणून सरळ करायला हात आत गेला आणि उजव्या हाताची दोन बोटे पेरापासून गेली. मशीनला गार्ड नव्हता आणि पायाच्या पेडलवर प्रेस चालत होती. तेव्हा मी चौथीत होते. बाबांनी पुढची कितीतरी वर्षे डाव्या हाताने सही केली.

आता मी स्वतः एका प्रेसशॉपमध्ये उत्पादन पाहते. पेडल काढून दोन्ही हातांनी दाबायची बटणे लावली आहेत. प्रेससमोर बसलेल्या माणसाला प्रत्येक फेऱ्यात निर्णय घ्यायला लावायचा नाही, हा आमचा नियम आहे. ब्लँक एकाच बाजूने बसेल अशी सोय डायमध्येच करावी. ब्लँकच्या एका कोपऱ्यात ३ मिमीची खाच घ्या आणि डायच्या लोकेटरमध्ये तिच्यासमोर पिन ठेवा. ब्लँक उलटा असेल तर तो बसणारच नाही. खाच अशा कोपऱ्यात घ्या जिथे घडी येत नाही, आणि ड्रॉइंगवर ग्राहकाची मंजुरी घ्या.

पवणे_प्रेस

निशाताई, तुमचे म्हणणे मनाला लागले. माझी सूचना मी मागे घेतो. खाचेची कल्पना आमच्या दोन नगांवरही लागू पडेल, ती उद्याच पाहतो.

मृणाल_घणसोली

खाचेला मंजुरी मिळायला मी पाहिलेल्या प्रकरणांत फार वेळ लागला नाही, मात्र सोबत चाचणीचे आकडे द्यावे लागतात.

लोहदर्पण

खाच घेताना ब्लँकिंगची, म्हणजे ब्लँक कापणाऱ्या पंच आणि डायमधली, फटही तपासा. ३ मिमीच्या साध्या पत्र्यासाठी किती ठेवली होती? अशा कडक पत्र्याला प्रत्येक बाजूला जाडीच्या १० ते १२ टक्के फट ठेवली तर कड अधिक स्वच्छ तुटते. बरची उंची जाडीच्या १० टक्क्यांच्या वर, म्हणजे इथे ०.२५ मिमीच्या वर गेली की धार पुन्हा लावण्याची वेळ झाली असे समजावे.

रबाळेकर

सर्वांचे आभार. चार दिवस लिहिले नाही कारण चाचणी घेत होतो. ती सविस्तर लिहितो.

आधी दिशेचा उलगडा. आमचे शिअरिंग १२५० मिमीचे आहे, त्यामुळे आम्ही २५०० बाय १२५०च्या शीटच्या पट्ट्या आडव्या कापतो. तशा पट्टीतून निघालेल्या ब्लँकची घडी रोलिंगला आडवी येते, म्हणजे चांगली. परंतु घाई असली की पुरवठादार त्याच्या मोठ्या मशीनवर पट्ट्या कापून पाठवतो आणि तो त्या शीटच्या लांबीत कापतो. त्यांतून निघालेल्या ब्लँकची घडी रोलिंगला समांतर होते. दोन्ही प्रकारच्या पट्ट्या आमच्याकडे एकाच रॅकवर ठेवल्या जात होत्या. गेल्या दोन महिन्यांची चलने काढली तर साधारण पाचातली एक पट्टी बाहेरून कापून आलेली आहे. जुना पत्रा हे सगळे सहन करत होता, म्हणून सहा वर्षांत कोणाच्या लक्षात आले नाही.

मग रंगाच्या खडूने खुणा करून २५-२५ ब्लँकचे चार गट केले. घडी आडवी आणि बर आत, एकही तडा नाही. घडी आडवी आणि बर बाहेर, एका नगाला भिंगातून दिसेल इतका बारीक तडा. घडी समांतर आणि बर आत, एकही नाही. घडी समांतर आणि बर बाहेर, २५ पैकी १३ नगांना तडा. चौथ्या गटासारखेच आणखी दहा ब्लँक घेऊन त्यांची घडीजवळची कड कानशीने घासून गोल केली, तर त्या दहांत एकालाही तडा गेला नाही. कानस चालवणारा आमचा फिटर सहावा नग वाकवल्यावर भिंग खाली ठेवून म्हणाला की पत्र्याला उगाच दोष देत होतो.

ब्लँकिंगची फट ०.१८ निघाली, म्हणजे जाडीच्या सात टक्के. बर मोजला तर ०.३ ते ०.३५ मिमी. ब्लँकिंगची डाय ग्राइंडिंगला काढली आहे आणि फट ०.२७ करून घेतो आहे.

दोन्ही बाजूंना शिम बसवल्यावर दोन्ही पाय दोन अंशांवर आले. आता हे दोन अंश कसे काढावेत?

कोपरखैरणे_सीएनसी

पंचाच्या नाकावर दोन्ही कोपऱ्यांत बारीक उठाव ठेवून घडी ठोकून बसवा. कोन पक्का होतो आणि कॉइल (पत्र्याची गुंडाळी) बदलली तरी फारसा हलत नाही.

जुना_डायमेकर

त्या उपायाने कोन बसतो हे खरे, पण घडीत पत्रा चेपला जाऊन जाडी कमी होते. मृणालताईंनी सांगितलेला कंपनाचा भाग लक्षात घेता या नगावर मी ते करणार नाही. पंचाच्या बाजू दोन-तीन अंश आत घासून पाय जास्त वाकवता येतात, परंतु मग नग पंचाला धरून बसतो, स्ट्रिपर लावावा लागतो आणि पंचही नवा करावा लागतो.

त्यापेक्षा डायच्या तळाचे पॅड पाहा. सपाट पॅडऐवजी मध्यभागी वर फुगलेले पॅड घ्या आणि पंचाचे तोंड त्याला जुळेल असे किंचित खोलगट करा. स्ट्रोकच्या तळाशी नगाचा ६० मिमीचा सपाट भाग वर कमानीसारखा होतो. दाब सुटला की ती कमान सपाट होते आणि दोन्ही पाय आत वळवते. फुगवटा किती ठेवायचा त्याचा हिशेब असा. टोकाशी येणारा उतार म्हणजे फुगवट्याच्या चौपट भागिले रुंदी. फुगवटा अर्धा मिमी धरला तर २ भागिले ६०, म्हणजे जवळजवळ १.९ अंश. तुम्हाला हवे तेवढेच. ही कमान कायमची राहणार नाही ना, हेही पाहावे लागते. त्या कमानीची त्रिज्या साधारण ९०० मिमी येते, म्हणून बाहेरच्या कातडीवर ताण ०.१४ टक्के, आणि तुमच्या पत्र्याला यील्डपर्यंत पोहोचायला ०.२२ टक्के लागतो. म्हणजे सपाट भाग पूर्ण परत येईल. पॅड पुन्हा घासता येते, बदलताही येते, आधी ०.३ मिमीवर सुरू करा, पाच नग मोजा, मग वाढवा. एक मात्र पाळा की तळाशी पॅड घट्ट टेकलेच पाहिजे. ते स्प्रिंगवर तरंगत राहिले तर कमान होणारच नाही.

ऐरोली_विद्यार्थी

काका, हा हिशेब वहीत उतरवून घेतला. पुस्तकात स्प्रिंग बॅकचे सूत्र आहे, पण सपाट भागाला कमान देऊन पाय आत आणता येतात हे कुठे वाचले नव्हते.

लोहदर्पण

डायमेकर साहेबांच्या हिशेबात मी एकच भर घालतो. हे दोन अंश या कॉइलचे आहेत, जिचे यील्ड ४६० आहे. पुढची कॉइल ४३०ची येऊ शकते किंवा ५०० च्या जवळची. दोन्ही ग्रेडमध्ये बसतील आणि कोन मात्र हलेल. म्हणून प्रत्येक नव्या कॉइलचे पाच नग वाकवून कोन मोजल्याशिवाय उत्पादन सुरू करू नका, आणि ०.३, ०.४, ०.५ अशी तीन पॅड करून ठेवा.

रबाळेकर

पॅड ०.३ वर घेतले तेव्हा पाय ०.९ अंशांवर आले. ०.५ वर घेतल्यावर पाच नगांत सर्वांत जास्त ०.३ अंश, सर्वांत कमी ०.१. नगाचा सपाट भाग सरफेस प्लेटवर ठेवून खाली फीलर घालून पाहिला, ०.०५ची पातीही गेली नाही. आज दिवसभरात ४२० नग काढले, सगळे बर आत ठेवून आणि फक्त आमच्या आडव्या पट्ट्यांतून. प्रत्येक नग भिंगाखाली पाहिला, एकालाही तडा नाही.

मृणाल_घणसोली

हेच आकडे, चार गटांची चाचणी आणि खाचेची विनंती एकाच पत्रात ग्राहकाला पाठवा. सोबत पीपीएपी सादर करा. डायची शिम, पॅड आणि ब्लँकिंगची नवी फट हे ड्रॉइंग बदलल्यामुळे झालेले टूलिंग बदल आहेत, त्यांचे वेगळे कोटेशन द्या आणि त्यात संकोच करू नका. आधी बाद झालेल्या नगांचा खर्च मात्र मागू नका. पट्ट्या मिसळणे आपल्याकडे घडले होते, ते पत्रात स्वतःहून लिहिलेत तर पुढचे बोलणे सोपे होईल.

पवणे_प्रेस

धाग्याचा मूळ प्रश्न राहिला. मग माल परत करायचा की नाही?

रबाळेकर

परत करणार नाही. माल चांगला होता. पुरवठादाराला आज फोन करून तसे सांगितले, आणि यापुढे पट्ट्या कापून द्यायच्या असतील तर त्या शीटच्या आडव्याच कापायच्या आणि प्रत्येक गठ्ठ्यावर रोलिंगच्या दिशेचा बाण काढायचा असे पर्चेस ऑर्डरवर लिहून दिले. गॅसची ज्योत लावली नाही आणि घाईत पंच घासला नाही, याबद्दल लोहदर्पण साहेब आणि डायमेकर काकांचा मी मनापासून ऋणी आहे. निशाताई, ६३ टनीच्या दोन्ही प्रेसची पेडले काढली. दोन हातांची बटणे बुधवारी बसतील, तोवर त्या दोन प्रेस बंद ठेवल्या आहेत.

वर्तकनगर_निशा

हे वाचून फार बरे वाटले, दादा. बटणांमधले अंतर एवढे ठेवा की एकच हात आणि कोपर लावून दोन्ही दाबता येणार नाहीत. लोक घाईत तसे करतात.

ऐरोली_विद्यार्थी

रबाळेकर सर, खाचेची डाय तयार झाली की एकदा प्रत्यक्ष पाहायला येऊ का?

रबाळेकर

अवश्य ये. डाय शनिवारी ग्राइंडिंगहून परत येते आणि सोमवारी सकाळी ९ वाजता बसवायला घेऊ. सेफ्टी शूज घालून ये, आणि फीलर गेज स्वतःच्या हाताने लावायचा असेल तर डबा घेऊन पूर्ण दिवस थांब.